गप्प पऱ्हाटी

धुऱ्याच्या बांधावरून शेतात उतरतानाच प्रणिता गावंडेच्या लक्षात आलं, की कोरा तुकडा कोरा राहिलेला नाही. पानांवर औषधाचे वाळलेले पांढुरके डाग होते. तुकड्याच्या मधोमध तिनं स्वतः ठोकलेली पाटी उभी होती : ‘येथे फवारणी करू नये.’ डाग पाटीवरही होते. फवारणाऱ्यानं तिलाही सोडलं नव्हतं.

प्रणिता तिथंच उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. चिडण्यासाठी सुद्धा अंगात थोडा जोर लागतो, तो गोळा व्हायला तिला जरा वेळ लागला.

जिल्ह्याच्या कापूस संशोधन केंद्रात ती कीटकशास्त्रज्ञ होती. गुलाबी बोंडअळीवर कोणतं औषध किती चालतं, याची तुलना करणं हे तिचं काम. पद्धत तिच्या गुरूंच्याही गुरूंच्या वेळेपासून चालत आलेली. शेताचे सारखे तुकडे पाडायचे, चार तुकड्यांत चार वेगवेगळी औषधं फवारायची आणि पाचव्यात काहीच फवारायचं नाही. जमीन सगळीकडे सारखी नसते, म्हणून हीच मांडणी जागा बदलून शेतात ठिकठिकाणी पुन्हा करायची. तो न फवारलेला तुकडा म्हणजे कोरा तुकडा, आणि सगळ्या तुलनेचा जीव त्याच्यात असतो.

तो कशाला हवा, हे ती शाळेतल्या पोरांना एका गोष्टीतून सांगायची. ताप आलेल्या चार मुलांना चार गोळ्या दिल्या आणि चौघंही बरी झाली, तर कोणती गोळी चांगली? पोरं एकेक गोळीचं नाव घ्यायची. मग ती विचारायची, ताप आपोआपच उतरणार असेल तर? ते कळायचं असेल तर एखादं मूल गोळी न देता ठेवून पाहावं लागेल. मुलाच्या बाबतीत ते करवत नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या बाबतीत मात्र करवतं, कारण पऱ्हाटी काही रडत नाही.

ही गोष्ट तिनं कित्येक वर्षं सांगितली. मग ‘नाक’ आलं आणि पऱ्हाटी रडायला लागली.

नाक म्हणजे कमरेएवढ्या उंचीची काठी, तिच्या टोकाला लिंबाएवढा जाळीदार गोळा. अळीनं पान किंवा बोंड कुरतडलं की तिच्या लाळेमुळे झाडाच्या आत खळबळ उडते आणि ते एक खास वास सोडतं. आपल्याला तो येत नाही. शास्त्रज्ञांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती; नवीन होतं ते एवढंच, की तो वास ओळखणारा गोळा आता स्वस्तात तयार होऊ लागला. प्रत्येक शेतात काठ्या रोवल्या गेल्या आणि पऱ्हाटीला काय होतंय ते शेतकऱ्याला घरबसल्या कळू लागलं.

इथवर सगळं उत्तम होतं. पण नुसते आकडे कोण बघतं? म्हणून कुणा हुशार माणसानं त्या वासाला आवाज दिला. अळी चावली की फोन बोलायचा, ‘मला चावतंय.’ जास्त चावली तर आवाज रडवेला व्हायचा. पुढं तर आवाज आपल्या पसंतीचा ठेवायची सोय आली. कुणी मेलेल्या बापाचा ठेवला, कुणी नातवाचा. बोरखडी गावातल्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी निम्म्या वऱ्हाड्यांचे खिसे एकदम कण्हायला लागले आणि नवरदेवाच्या मामांसकट माणसं मांडव सोडून शेताकडे धावली. प्रणिता त्या लग्नाला होती. तिनं शेजारणीला म्हटलं, आता अक्षता पण फवाऱ्यानंच टाका. शेजारीण हसली नाही, कारण तिचाही खिसा कण्हत होता.

तेव्हापासून कोऱ्या तुकड्याला वाली उरला नाही. तिकडचं रडणं ऐकून पहिल्या वर्षी शेजारचा एक सज्जन माणूस आपल्या ड्रोननं फुकटात फेरी मारून गेला आणि वर प्रणितालाच म्हणाला, आभार नका मानू, शेजारधर्म आहे. दुसऱ्या वर्षी शेतकरी सोसायटीच्या फवारणी यंत्रांनी ते काम केलं. त्यांना कुणी सांगावंच लागत नाही, हाक आली की ती आपणहून उडतात. म्हणून यंदा तिनं प्रयोगासाठी सख्ख्या भावाचं शेत निवडलं. सोसायटीच्या यंत्रांना त्या शेतावर येण्याची बंदी घालून घेतली. भावाकडून आणि वहिनीकडून शब्द घेतला. आणि आता ही पाटी, औषधाच्या डागांसकट.

यंदाचा प्रयोग वाया जाऊन चालणार नव्हतं. दिवाळीनंतर जिल्ह्याची औषध निवड समिती बसणार होती. समिती ज्या औषधाला पहिली पसंती देईल, तेच पुढं सोसायटीची सगळी यंत्रं जिल्हाभर फवारणार होती. आघाडीवर होतं ‘निवांत’ नावाचं नवं औषध. नाकाच्या आकड्यांत त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. फवारलं, की संध्याकाळपर्यंत पऱ्हाटी गप्प. समितीचे अध्यक्ष आणि तिच्या केंद्राचेही प्रमुख डॉ. सपकाळ यांचं म्हणणं, एवढा पुरावा असताना अजून तुलना कसली करायची? प्रणितानं हट्टानं वेळ मागून घेतली होती. बोंडं फोडून आत अळ्या मोजल्याशिवाय औषधाला चांगलं म्हणायचं नाही, ही तिची जुनी खोड. गुलाबी अळी बाहेर दिसत नाही. ती हिरव्या बोंडात शिरते, शिरलेलं भोक मागं बुजून जातं आणि वरून बोंड असं गुबगुबीत दिसतं की बघणाऱ्यानं खूष व्हावं. पण नाकं आल्यापासून बोंडं फोडायचे कष्ट कुणी घेत नव्हतं. नाक सांगतंय ना?

ती तशीच तरातरा भावाच्या घरी गेली.

प्रमोददादा ओसरीवर सरकी निवडत होता. बहिणीचा चेहरा पाहून त्यानं सरकीचं सूप उचललं आणि गोठ्याकडे काहीतरी विसरल्यासारखा निघून गेला. सिंधूवहिनी चुलीपाशी होती. प्रणितानं चहा नको म्हटलं, बसायलाही नको म्हटलं, आणि एकच विचारलं, की कोऱ्या तुकड्यावर कुणी फवारलं.

वहिनी आधी म्हणाली, पाऊस पडला असंल, त्याचे डाग. मग म्हणाली, वारं होतं, शेजारचं उडून आलं असंल. प्रणिता जागची हलली नाही तेव्हा वहिनीनं कणकेचा हात परातीवर आपटला.

“म्याच फवारलं. सगळ्या कोऱ्या तुकड्यांवर फवारलं. टाक मले जेलात.”

“वहिनी, तुम्ही शब्द दिला होता.”

“देल्ला होता. पण रातंदिवस पोरगी रडून राह्यली माह्या कानात, अन् मी हात बांधून बसू? तुले जमते, बाप्पा. मले नाही जमत.”

पोरगी म्हणजे रेवती, प्रणिताची भाची. आता ती तिशीतली बाई होती आणि नोकरीसाठी दूर ॲडलेडला राहत होती. पण ती चार वर्षांची असताना वहिनीच्या फोनवर तिचं बोलणं टिपलेलं होतं, कुठल्याशा मुंग्या चावल्याची तक्रार. वहिनीनं पऱ्हाटीला तो आवाज दिला होता. त्यामुळं अळी चावली की या घरात चार वर्षांची रेवू म्हणायची, “आई, मले चावून राह्यलं.”

हे प्रणिताला माहीत होतं आणि तिला ते मूर्खपणाचं वाटत आलं होतं. ती स्वतः आकडे बघायची. तिच्या फोनचा आवाज कायम बंद असायचा. आता तिनं वहिनीला समजावून सांगितलं, आणि समजावताना आपण शाळेतल्या पोरांशी जेवढ्या सबुरीनं बोलतो तेवढ्या सबुरीनं बोलत नाही, हे तिलाही कळत होतं. ती म्हणाली, की तो तुकडा खाल्ला जाण्यासाठीच होता. तो खाल्ला जात नाही तोवर दुसरे वाचले की नाही हे कसं ठरणार? ती रेवू नाही, पऱ्हाटी आहे. आणि पऱ्हाटी तुम्हाला हाक मारतच नाहीये.

वहिनीला शेवटचं वाक्य लागलं. “मग कोणाले मारते? आई म्हणते ते.”

“आई आपण म्हणायला लावलं. ती बोलावते एका माशीला. गांधीलमाशीच्या जातीतली असते, पण मुंगीहून बारीक. वास आला की ती माशी येते, अळीच्या अंगावर अंडी घालते, अन् तिची पिल्लं अळीला खातात. माणसं पऱ्हाटी लावायच्या आधीपासून त्या दोघींचं हे चाललंय. आपण मध्ये कान लावून बसलो, बस.”

वहिनीनं परात बाजूला सारली. मग तिनं विचारलं, की ती माशी दर वेळेस येते काय. प्रणिताला खोटं बोलता येईना. ती म्हणाली, कधी येते, कधी येत नाही. आणि फवारलं तर मरते.

“म्हंजे येईलच असं नाही,” वहिनी म्हणाली. “अन् मी तर घरीच असतो.”

प्रणितानं मग वहिनीनं काय फवारलं ते विचारलं. उत्तर तिला ठाऊकच होतं. कृषी केंद्रात आजकाल दुसरं कुणी काही मागतच नव्हतं. निवांत. संध्याकाळपर्यंत रेवू गप्प झाली आणि वहिनी कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

खरं तर प्रणितानं त्याच दिवशी प्रयोग गुंडाळायला हवा होता. तिनं केंद्रात फोन लावला सुद्धा. पण उचलला सपकाळांनीच, आणि ऐकून घेतल्यावर ते इतक्या प्रेमळ सुरात म्हणाले, की बरं झालं, सुटलात एकदाच्या, की तिचं डोकं पुन्हा फिरलं. बोंडं फोडायची वेळ आलेली होती. कोरे तुकडे गेले तर गेले, बाकीच्या तुकड्यांतली बोंडं तरी ती फोडणार होती, नुसत्या रागापोटी का होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशव्या आणि चाकू घेऊन शेतावर आली. वहिनी आधीच तिथं होती. माफी मागायला ती आली नव्हती. डब्यात भाकरी आणि ठेचा घेऊन आली होती, आणि तो डबा तिनं धुऱ्यावर ठेवला.

प्रणितानं समोरच्या कोऱ्या तुकड्यातली मूठभर हिरवी बोंडं तोडली आणि चाकूसकट वहिनीच्या ओटीत टाकली. “आता आल्याच आहात तर फोडा. तुमच्या गप्प पोरीची बोंडं आहेत.”

बोलल्या क्षणी तिला वाटलं, हे जरा जास्तच झालं. पण वहिनी बसली आणि फोडू लागली. पहिलं बोंड फोडलं. पांढरा ओला कापूस, आणि त्यात गुलाबी अळी, पोट भरून सुस्तावलेली. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात दोन. वहिनीचे हात भराभर चालू लागले. एखादं तरी स्वच्छ निघेल अशा आशेनं ती फोडत होती. काही निघाली. बरीचशी निघाली नाहीत.

तिनं कमरेला खोचलेला फोन काढला, त्याच्याकडे पाहिलं, कानाला लावला, पुन्हा पाहिलं.

“प्रणिता, रेवू तं गप्प आहे.”

प्रणिता बोंड तोडता तोडता थांबली. मग ती जवळजवळ पळतच पलीकडच्या तुकड्यात गेली. ज्यात पहिल्यापासून निवांतच फवारलं होतं तो तुकडा, शेतातला सगळ्यात शांत, नाकाच्या आकड्यांत सगळ्यात वर. तिनं उभ्या उभ्या हातांनीच बोंड फोडलं. अळी. दुसरं. अळी. तिथून ती नाकाच्या आकड्यांत सगळ्यात खाली असलेल्या औषधाच्या तुकड्यात गेली. हे जुनंच औषध होतं, आता कुणी विचारत नव्हतं, कारण ते फवारल्यावरही पऱ्हाटी कितीतरी दिवस कण्हत राहायची. तिथली बोंडं फोडली. एक, दोन, पाच, दहा. स्वच्छ. एकात मेलेली अळी, वाळून काडी झालेली.

ती मातीतच बसली. झालं काय असेल ते तिला हळूहळू दिसायला लागलं, आणि जसजसं दिसायला लागलं तसतसा तिचा राग कुणावर काढावा हे कळेनासं झालं.

आपल्याला खरचटलं तर दुखणं काही काळ राहतं. काटा निघाल्यावर लगेच थांबत नाही. पऱ्हाटीचंही तसंच. जुन्या औषधानं अळी मारली होती, पण कुरतडलेली जखम भरेपर्यंत झाड वास सोडत राहिलं, म्हणून नाकाच्या हिशेबात ते औषध नापास. निवांतनं उलटं केलं. पानावरच्या थोड्याफार अळ्या मेल्या असतील, पण बोंडातली सुखरूप होती. निवांतनं झाडाच्या आतली ती खळबळच थांबवली, जिच्यामुळे वास तयार होतो. काटा तसाच ठेवून दुखणं तेवढं बंद केलं.

यात कुणी लबाडी केली होती असंही नाही, आणि हेच जास्त संतापजनक होतं. बोंडं फोडणं म्हणजे वेळ आणि माणसं. म्हणून औषध शोधणाऱ्यांनी नाकावर भरवसा ठेवला. हजारो रसायनं चाळणाऱ्या यंत्राला त्यांनी विचारलं, की नाक सगळ्यात लवकर कशानं शांत होतं. यंत्रानं प्रामाणिकपणे तेच शोधून दिलं. अळी कशानं मरते, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं हे वहिनीला सांगितलं. वहिनीनं सगळं ऐकलं आणि हातातलं अर्धं फोडलेलं बोंड खाली ठेवलं.

“म्हंजे तिचं तोंड दाबलं म्या,” ती म्हणाली. “अन् जेवून झोपलो.”

समितीला हे सांगणं सोपं नव्हतं. सपकाळांनी लगेच बोट ठेवलं, की कोरे तुकडे तर तुमच्या घरच्यांनीच खराब केले. बोंडात अळ्या सापडल्या, बरं. पण निवांत नसतं तर किती सापडल्या असत्या? कदाचित दुप्पट. तुलना कशाशी करता? प्रणिता फोनवर दात-ओठ खात राहिली, कारण ती त्यांच्या जागी असती तर तिनंही हेच विचारलं असतं. इतकी वर्षं ती लोकांना हेच तर शिकवत आली होती.

शेवटी त्यांच्यात असं ठरलं. निवांतचा अंमल पंधरवड्यात उतरतो. त्यानंतर कोऱ्या तुकड्यांतली पऱ्हाटी पुन्हा वास सोडायला लागेल. फांद्यांच्या शेंड्यांना अजून नवी बोंडं धरत होती. तेव्हापासून ती बोंडं फुटायला येईपर्यंत बाकीच्या तुकड्यांत ठरलेली औषधं पडत राहिली आणि कोऱ्या तुकड्यांवर थेंबही पडला नाही, तर त्या उशिराच्या बोंडांवर सगळ्या तुकड्यांची तुलना होऊ शकेल आणि समिती तोवर थांबेल. एक दिवस जरी कमी भरला, तरी निवांत मंजूर.

आता सगळं वहिनीवर आलं. प्रणितानं तिच्यासाठी सोपा उपाय काढला होता. फोनचा आवाज बंद करायचा, बस. तिनं वहिनीचा फोन हातात घेतला सुद्धा.

वहिनीनं तो परत काढून घेतला. “राहू दे.”

“अहो, कशाला उगाच? महिनाभर रडणं ऐकायचं?”

“रडणं आयकू येऊ नये म्हणून कान बंद करू? मंग त्या औषधात अन् माह्यात फरक काय राह्यला?”

प्रणिताला वाटलं, ही बाई दुसऱ्यांदा प्रयोग बुडवणार. तिनं दादाला बाजूला घेऊन सांगितलं, की फवारे कुलपात टाक आणि किल्ली माझ्याकडे दे. दादानं किल्ली दिली, आणि मग हळूच सांगितलं, की त्याचा फायदा नाही, गावात प्रत्येकाच्या घरी फवारा आहे. प्रणितानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा गोठ्याकडे निघाला.

पंधरवड्यानं पऱ्हाटी बोलू लागली. प्रणिताला ते आकड्यांत दिसलं. ती एक दिवसाआड यायची, पानांवर डाग शोधायची, बोंडं मोजायची आणि मनातल्या मनात तयारी ठेवायची, की आज गेलं असणार. डाग दिसले नाहीत. दिसायची ती वहिनी, धुऱ्यावर, फोन कानाशी. ती तिथंच भाज्या निवडायची, तिथंच जेवायची. गावातल्या बाया येऊन तिला बोलायच्या, की सिंधे, एवढं कठीण काळीज कधीपासून झालं. एकीनं तर येऊन सांगितलं, की तुह्या शेतातलं रडणं आमच्या नाकापर्यंत येऊन राह्यलं, आमचं यंत्र पाठवू काय. वहिनीनं तिला काय उत्तर दिलं ते प्रणिताला दादाकडून कळलं, पण ते लिहिण्यासारखं नव्हतं.

कोऱ्या तुकड्यांची दशा झाली. फुलं डोमकळ्या होऊन गुलाबाच्या कळीसारखी मिटलेलीच राहिली, कोवळ्या कळ्यांची पाती गळाली. मग एक दिवस भिंगातून पाहताना प्रणिताला बोंडाच्या देठाशी काहीतरी हललेलं दिसलं. माशी होती. इतकी बारीक, की तिला आधी धूळ वाटली. दोन वर्षांत तिनं या भागात ती माशी पाहिली नव्हती. तिला वाटलं होतं, संपली. शेजारच्या निवांतच्या तुकड्यात एकही नव्हती. तिथं कुणी हाकच मारली नव्हती, तर येणार कशी?

ती हे सांगायला धुऱ्यावर आली. वहिनीचे डोळे सुजलेले होते. प्रणितानं माशीचं सांगितलं. वहिनीनं मान हलवली, पण फोन कानापासून काढला नाही. प्रणिता शेजारी बसली. आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, बघू.

वहिनीनं फोन तिच्या कानाला लावला.

आवाज मोठा नव्हता. तसा तो नेहमीच लहान होता. रेवती लहानपणी हळूच रडायची, कुणी बघत नाही ना असं बघून. प्रणिताला ते एकदम आठवलं. तिनंच तर तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवलं होतं. “आई, चावून राह्यलं ना. आई. आई, पाहा ना.” मग थोडा दम खाऊन पुन्हा. मध्येच एखादा हुंदका. आपण झाडाच्या वासाचं भाषांतर ऐकतोय, हे प्रणिताला माहीत होतं. त्या वासातली रसायनंसुद्धा ती नावानिशी सांगू शकली असती. त्याचा काही उपयोग झाला नाही.

चहा निवेल एवढा वेळही तिनं ऐकलं नसेल. तिनं फोन परत दिला आणि तोंडावरून पदर फिरवला. तीन वर्षं ती सगळ्या तालुक्याला म्हणत होती, की थोडं सोसा. आणि सोसायचं काय, ते तिनं एकदाही ऐकलं नव्हतं.

“वहिनी,” ती म्हणाली, “माशी आली आहे. पुरावा तसा पुरेसा आहे. मी सपकाळांशी भांडते. आजच फवारू जुनं औषध. तुमचेही हाल, अन्—”

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. चिडली की ती प्रणिताला बाई लावायची.

“काहून, प्रणिताबाई? आता काहून? ठरले तेवढे दिवस भरायचे आहेत अजून. मले बसवलं इथं, अन् तू एवढ्यात उठून राह्यली?”

प्रणितानं कमरेला खोचलेली फवाऱ्याच्या कुलपाची किल्ली चाचपली. वहिनीनं तळहात पुढं केला. किल्ली देताना प्रणिताला ओशाळं वाटलं, आणि हायसंही वाटलं.

दिवस भरले. उशिराची बोंडं फुटायला आली तेव्हा सपकाळ स्वतः आले आणि पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरसावून त्यांनी सगळ्या तुकड्यांतली बोंडं फोडली. निवांतच्या तुकड्यांत कोऱ्या तुकड्यांहून जास्त अळ्या निघाल्या. काहीच न फवारण्यापेक्षा वाईट; कोऱ्यात निदान माशी तरी आली होती. त्यांनी दोनदा मोजलं, मग त्यांच्या माणसाकडून मोजून घेतलं. परत जाताना ते प्रणिताला म्हणाले, की निवांतचं नाव काढतो, पण जुन्या औषधाला पहिलं ठेवलं तर लोक ओरडतील. ते फवारल्यावर पऱ्हाटी गप्प बसत नाही. प्रणिता म्हणाली, तुमच्या समितीत हे सगळ्यांना सांगा, दर महिन्याला सांगा, मला तर आयुष्यभर सांगावं लागणार आहे.

ती धुऱ्याकडे आली तेव्हा वहिनी कोऱ्या तुकड्यात वेचणी करत होती. कापूस कसला, कवडीच होती, पिवळट, चिकटलेली, बाजारात कुणी हात न लावण्यासारखी. तरी ती एकेक बोंड निगुतीनं सोडवून ओटीत टाकत होती. प्रणितानं तिला सांगितलं, की आता बस करा, झालं, जिंकलो आपण. हा कापूस काही कामाचा नाही.

“कामाचा नसला तं नसला,” वहिनी म्हणाली. “वेचल्याबिगर तसाच सोडू काय याले?”

प्रणितानं पदर खोचला, ती पऱ्हाटीच्या दुसऱ्या ओळीला लागली आणि कवडी वेचू लागली.